घरगुती चित्रफितीतले वाफेचे इंजिन

लहान सिनेकॅमेरा भारतातील सधन कुटुंबांत, संस्थानिकांच्या वाड्यांत आणि युरोपीय अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत पोहोचला तो १९२०च्या दशकात. पाथे कंपनीची साडेनऊ मिलिमीटर रुंदीची फीत १९२२ मध्ये, कोडॅकची सोळा मिलिमीटरची फीत १९२३ मध्ये आणि त्यांच्या मानाने स्वस्त पडणारी आठ मिलिमीटरची फीत १९३२ मध्ये बाजारात आली. १९६५ मध्ये आलेल्या ‘सुपर एट’ने ही हौस आणखी काही घरांपर्यंत नेली. या साऱ्या काळात लांबचा प्रवास म्हणजे आगगाडीचाच प्रवास असल्यामुळे लग्न, मुंज, शिकार, थंड हवेच्या ठिकाणची सुट्टी, अशा कोणत्याही विषयाच्या रिळात गाडी कुठे ना कुठे येतेच. मात्र ती येते ओझरती. कॅमेरा धरणाऱ्याचे लक्ष खिडकीतून हात हलवणाऱ्या माणसावर असते आणि इंजिन चौकटीच्या कडेने धूर सोडत निघून जाते. अशा चार-पाच सेकंदांच्या दृश्यावरून ते इंजिन कोणत्या वर्गाचे, कोणत्या मार्गावरचे आणि साधारण कोणत्या काळातले हे कसे ठरवता येते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

या कामाचा उपयोग केवळ इंजिनांच्या शौकिनांना होतो असे नाही. घरगुती फितीवर तारीख क्वचितच लिहिलेली असते, डब्यावरची चिठ्ठी गळून पडलेली असते आणि चित्रातली माणसे ओळखू शकणारी पिढीही बहुधा राहिलेली नसते. अशा वेळी इंजिनाची ओळख पटली, तर त्या सबंध रिळाला स्थळ आणि काळ मिळतो, कारण इंजिने केव्हा बांधली गेली आणि कोणत्या रेल्वेकडे गेली याच्या नोंदी कारखान्यांनी आणि रेल्वे कंपन्यांनी ठेवलेल्या आहेत. उलट बाजूने पाहिले तर रेल्वेच्या इतिहासालाही या फितींची गरज आहे. कारखान्याने काढवून घेतलेली अधिकृत छायाचित्रे बहुधा नव्या कोऱ्या इंजिनाची असतात. काजळी धरलेले, ठिकठिकाणी दुरुस्त केलेले, टेंडरवर कोळशाचा ढीग रचलेले रोजच्या कामातले इंजिन दिसते ते हौशी माणसाच्या चित्रीकरणात. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने भारतात राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांच्या अशा फितींचा मोठा संग्रह जपला आहे. भारतीय घरांतील फितींची मात्र अशी काळजी फार कमी ठिकाणी घेतली गेली आहे, आणि ही उणीव खरोखर दुःखाची आहे.

इंजिनाकडे वळण्याआधी फीतच तपासावी लागते. कोडॅक कंपनी आपल्या फितीच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा छापत असे आणि त्यांच्या जुळणीवरून ती फीत कोणत्या वर्षी तयार झाली हे कळते; पण तीच जुळणी दर वीस वर्षांनी पुन्हा वापरली जाई, त्यामुळे एकाच खुणेचा अर्थ १९२७, १९४७ किंवा १९६७ असा तिन्ही प्रकारे लागू शकतो. या तिघांतून निवड करण्यासाठी फितीची जात उपयोगी पडते. कोडाक्रोम ही रंगीत फीत सोळा मिलिमीटरमध्ये १९३५ साली आणि आठ मिलिमीटरमध्ये १९३६ साली आली, म्हणून कोडाक्रोमवर ही खूण असेल तर १९२७ आपोआप बाद होते. शिवाय ही खूण फीत बनल्याचे वर्ष सांगते, चित्रीकरणाचे नव्हे. फीत वर्ष-दोन वर्षे कपाटात पडून राहिलेली असू शकते. म्हणजे तिच्यावरून काळाची अलीकडची नव्हे, तर पलीकडची मर्यादा तेवढी मिळते: चित्रीकरण त्या वर्षाच्या आधीचे असू शकत नाही.

दुसरी तपासणी चित्र उलटे तर नाही ना याची. फीत चुकीच्या बाजूने स्कॅन झाली की आरशातल्याप्रमाणे डावे-उजवे बदलते, आणि मग इंजिनाच्या डाव्या अंगावरील पंप किंवा नळ्या उजव्या अंगाला दिसून सगळी ओळख चुकीच्या दिशेला जाते. पाटीवरची अक्षरे दिसत असतील तर प्रश्नच उरत नाही, पण ती दिसत नसतील तेव्हा इतर पुरावे शोधावे लागतात. भारतात दुहेरी मार्गावर गाड्या डाव्या बाजूने धावतात, हा त्यांतला पहिला. फलाटावरची माणसे हा दुसरा: नऊवारीचा किंवा पाचवारीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, पुरुषांच्या कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो. गुजराती पद्धतीने नेसलेल्या साडीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येत असल्यामुळे एकाच स्त्रीच्या वेशावरून निष्कर्ष काढू नये. चार-सहा माणसे पाहून मगच ठरवावे.

फितीची परीक्षा झाली की रुळांची. दोन रुळांमधील अंतराला गेज म्हणतात आणि भारतात ते मुख्यतः चार प्रकारचे होते: १६७६ मिलिमीटरचा ब्रॉड गेज, १००० मिलिमीटरचा मीटर गेज, आणि ७६२ व ६१० मिलिमीटरचे दोन नॅरो गेज. गाडी समोरून येत असेल तर हा फरक लगेच जाणवतो, कारण मीटर गेजवरील इंजिनाचे अंग रुळांच्या दोन्ही बाजूंना बरेच बाहेर आलेले दिसते, तर ब्रॉड गेजवरील इंजिन रुळांवर ऐसपैस बसलेले असते. गेज कळला की नकाशाचा मोठा भाग वगळता येतो. मुंबई–पुणे–सोलापूर आणि मुंबई–भुसावळ–नागपूर हे मार्ग ब्रॉड गेजचे. पुणे–मिरज मार्ग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटर गेजचा. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा, पूर्वीच्या निजामाच्या रेल्वेचा मार्ग १९९०च्या दशकापर्यंत मीटर गेजचा. त्यामुळे एकाच स्थानकात दोन्ही गेज दिसत असतील तर पुणे, मिरज, मनमाड अशा मोजक्याच जागा उरतात.

यानंतर चाकांची मांडणी पाहायची. वाफेच्या इंजिनाची चाके तीन गटांत मोजतात: पुढची लहान चाके वळणावर इंजिनाला वाट दाखवतात, मधली मोठी चाके जोडदांड्यांनी एकमेकांना बांधलेली असून तीच गाडी ओढतात, आणि मागची लहान चाके भट्टीचा भार पेलतात. या तिन्ही गटांतील चाकांच्या संख्या क्रमाने लिहिण्याची रीत आहे. ४-६-२ म्हणजे पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन. या मांडणीला ‘पॅसिफिक’ असे नाव आहे आणि ती बहुधा प्रवासी गाड्यांच्या इंजिनांत आढळते. २-८-२ ही ‘मिकाडो’ मांडणी मालगाड्यांची. चालत्या चित्रात चाके मोजणे वाटते तितके सोपे नसते, कारण फिरणाऱ्या चाकांच्या आऱ्या पुसट होतात. पण एकेक चौकट थांबवून पाहिले तर जोडदांडा स्पष्ट दिसतो आणि त्याच्या खिळ्यांवरून मोठ्या चाकांची संख्या ठरते. खरी अडचण वेगळीच आहे. मोठ्या स्थानकांत उंच फलाटामुळे चाके झाकली जातात, आणि घरगुती चित्रीकरण तर बहुतेक फलाटावरूनच झालेले असते. अशा वेळी धुरांडे, बॉयलरवरचा घुमट, कॅबच्या खिडक्या आणि टेंडरचा आकार एवढ्याच भांडवलावर काम भागवावे लागते.

भारतीय वर्गनावांची रचना कळली की पुढची वाट सोपी होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश अभियंत्यांच्या मानक समितीने भारतासाठी काही ठरावीक आराखडे तयार केले आणि त्यांतून एसपी, एसजी, एचपी, एचजी अशी इंजिने आली. यातले पहिले अक्षर साधे की जड हे सांगते आणि दुसरे प्रवासी की मालवाहू हे सांगते. एसजी ०-६-० मांडणीचे, म्हणजे पुढे-मागे लहान चाके नसलेले. एचपी ४-६-० आणि एचजी २-८-० मांडणीचे. १९२०च्या दशकात नवे मानक आराखडे आले, त्यांत पहिले अक्षर गेजचे: एक्स म्हणजे ब्रॉड गेज, वाय म्हणजे मीटर गेज, झेड आणि क्यू म्हणजे दोन नॅरो गेज. एक्सए, एक्सबी, एक्ससी ही पॅसिफिक इंजिने, तर एक्सडी आणि एक्सई ही मिकाडो. युद्धानंतरच्या ब्रॉड गेज इंजिनांसाठी एक्सच्या जागी डब्ल्यू हे अक्षर आले आणि त्यापुढे पी असेल तर प्रवासी, जी असेल तर माल, असा सरळ अर्थ लागू लागला.

डब्ल्यूपी हे या सर्वांत सहज ओळखू येणारे इंजिन. त्याचे नाक बंदुकीच्या गोळीसारखे फुगीर आणि त्यावर बहुधा तारा असतो. १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून पहिली १६ इंजिने आली आणि पुढे कॅनडा, स्कॉटलंड, पोलंड, ऑस्ट्रिया व शेवटी चित्तरंजन येथे मिळून १९६७ पर्यंत ७५५ बांधली गेली. म्हणून ज्या दृश्यात हे नाक दिसते ते दृश्य १९४७च्या आधीचे असूच शकत नाही. कुटुंबात ‘आजोबांच्या लग्नातली, १९४४ सालची फीत’ अशी आठवण चालत आली असली तरीही. डब्ल्यूजी हे मालगाडीचे इंजिन संख्येने याहून कितीतरी जास्त, २४५० बांधले गेले. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० मध्ये बाहेर पडलेले ‘देशबंधू’ हे पहिले इंजिन डब्ल्यूजीच होते आणि १९७० मध्ये बांधलेले ब्रॉड गेजचे अखेरचे वाफेचे इंजिन ‘अंतिम सितारा’ हेही डब्ल्यूजीच. युद्धकाळात अमेरिका व कॅनडातून आलेली एडब्ल्यूडी आणि सीडब्ल्यूडी ही मिकाडो इंजिने वेगळी ओळखू येतात ती त्यांच्या सांगाड्यावरून: ब्रिटिश घडणीत बॉयलरखाली अखंड पोलादी पत्रा असतो, तर अमेरिकी घडणीत जाड दांड्यांची चौकट असते, त्यामुळे बॉयलर आणि चाके यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसतो. जुन्या, दाणेदार फितीतही ही उजेडाची पट्टी टिकून राहते, आणि म्हणूनच ती आकड्यांपेक्षा भरवशाची खूण आहे.

दोन वर्गांची मांडणी एकच असेल तेव्हा मोठ्या चाकांचा व्यास उपयोगी पडतो, आणि तो मोजण्याची एक विशेष सुंदर युक्ती आहे, कारण तिच्यासाठी कॅमेऱ्याचा वेग ठाऊक असावा लागत नाही. जुने हौशी कॅमेरे सेकंदाला साधारण १६ चौकटी घेत, सुपर एट १८ घेई. पण किल्लीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा वेग ढळत असे, आणि पुढे ती फीत २४ किंवा २५ चौकटींच्या वेगाने उतरवली गेली की गाडी नको इतकी धावू लागते. म्हणून सेकंद मोजण्यात अर्थ नाही, चौकटी मोजाव्यात. जोडदांडा सर्वांत खालच्या स्थितीत असलेली चौकट निवडून तो पुन्हा तिथे येईपर्यंत किती चौकटी जातात हे पाहावे, आणि शक्य असेल तर अशा अनेक फेऱ्यांची सरासरी काढावी. मग त्याच दृश्यात एक डबा, एका टोकाच्या बफरपासून दुसऱ्या टोकाच्या बफरपर्यंत, एखाद्या खांबासमोरून पार व्हायला किती चौकटी लागतात हे मोजावे. दुसऱ्या संख्येला पहिलीने भागले की डब्याच्या लांबीत चाकाचे किती फेरे झाले हे कळते. कॅमेरा कितीही वेगाने फिरत असला तरी दोन्ही संख्या एकाच प्रमाणात बदलतात, म्हणून भागाकार तोच राहतो.

उदाहरणादाखल, १९५५ मध्ये सुरू झालेल्या पेरांबूरच्या कारखान्यातील ब्रॉड गेज प्रवासी डबा बफरांसह सुमारे २२.३ मीटर लांब असतो. डब्ल्यूपीच्या मोठ्या चाकाचा व्यास १७०२ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ५.३५ मीटर, एका डब्यात त्याचे ४.१७ फेरे होतात. डब्ल्यूजीचा व्यास १५६२ मिलिमीटर, तेव्हा फेरे ४.५४. जुन्या एक्ससीचा व्यास १८८० मिलिमीटर, तेव्हा फेरे ३.७८ इतकेच. लोखंडी धाव झिजून व्यास काही सेंटिमीटरांनी कमी होतो हे खरे, पण या वर्गांमधले अंतर त्याहून मोठे असल्यामुळे निकाल डळमळत नाही. अट एकच आहे: मोजणीच्या काळात गाडीचा वेग जवळजवळ स्थिर असावा. नुकत्याच सुटलेल्या गाडीचा वेग क्षणाक्षणाला वाढत असल्याने तिथे ही रीत फसते, आणि दुर्दैवाने निरोपाचे चित्रीकरण नेमके तेव्हाच झालेले असते. धावत्या गाडीचे, शेताच्या बांधावरून किंवा फाटकाजवळून टिपलेले दृश्य त्या मानाने फार मोलाचे. आणखी एक सावधगिरी अशी की हलक्या मार्गांसाठीच्या डब्ल्यूएल इंजिनाची मांडणी आणि चाकाचा व्यास दोन्ही डब्ल्यूपीसारखेच आहेत. त्याला फुगीर नाक नाही एवढाच ठळक फरक, म्हणून इंजिनाचा पुढचा भाग दिसल्याशिवाय या दोघांत निवड करू नये.

जोडदांडा धुरात किंवा फलाटाआड लपला असेल, तरी धुराचे भपके मोजता येतात. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ जात असल्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात धुरांड्यातून चार भपके निघतात. संथ वेगाने चढ चढणाऱ्या गाडीत ते सुटे सुटे दिसतात. वेग वाढला की एकमेकांत मिसळतात.

इंजिनाचा क्रमांक वाचता आला तर हा सारा खटाटोप टळेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण आठ मिलिमीटरच्या फितीकडून तशी अपेक्षा क्वचितच पुरी होते. या फितीवरील एका चौकटीची रुंदी सुमारे साडेचार मिलिमीटर असते. टेंडरसह सुमारे २४ मीटर लांबीचे डब्ल्यूपी तिच्यात पूर्ण मावले, तर वीस सेंटिमीटर उंचीचा आकडा फितीवर एका मिलिमीटरच्या सत्ताविसाव्या भागाएवढा उरतो, आणि तिथे ३ व ८ यांतला फरक रंगाच्या कणांत विरून जातो. सलग अनेक चौकटी एकमेकींवर अचूक बसवून त्यांची सरासरी काढली तर काही वेळा आकडा वर येतो, कारण कण प्रत्येक चौकटीत बदलतात पण आकडा बदलत नाही. याउलट, चित्र आपोआप ‘स्वच्छ’ करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांवर या कामात मुळीच विसंबू नये. ती पुसट ठिपक्यांच्या जागी पटेल असा आकडा घडवतात. तो वाचता येतो, पण तो फितीवर कधीच नव्हता. क्रमांकाची ओळख नेहमी मूळ स्कॅनवरूनच व्हावी.

अक्षरे मात्र आकड्यांपेक्षा मोठी असतात आणि तारखेच्या दृष्टीने बोलकीही. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी. रेल्वेची मध्य रेल्वे झाली आणि बी.बी.सी.आय. रेल्वेची पश्चिम रेल्वे झाली. टेंडरवर जुन्या कंपनीची आद्याक्षरे असतील तर दृश्य त्या सुमाराचे किंवा त्याआधीचे. सुमारे म्हणायचे कारण असे की रंगकाम इंजिन कारखान्यात गेल्यावरच होई, त्यामुळे जुनी अक्षरे काही काळ तशीच फिरत राहिली. १९५७च्या सुमारास सबंध देशासाठी एकच क्रमांकयोजना आली आणि अनेक जुन्या इंजिनांचे क्रमांक बदलले. म्हणून वाचलेला क्रमांक कोणत्या योजनेतला हेही तपासावे लागते.

मुंबईच्या परिसरात तारीख ठरवण्याचे सर्वांत प्रभावी साधन रुळांच्या वर असते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी सुरू झाली, १९२९ मध्ये विजेच्या तारा कल्याणहून घाट चढून पुण्यापर्यंत आणि १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत पोहोचल्या, आणि १ जून १९३० रोजी निघालेली डेक्कन क्वीन पहिल्यापासून विजेच्या इंजिनाने धावली. त्यामुळे खंडाळ्याच्या परिसरात मेल गाडीच्या पुढे वाफेचे इंजिन असेल आणि वर तारांचे खांब नसतील, तर ते दृश्य १९२९ किंवा त्याआधीचे असण्याची शक्यता फार मोठी. बोरघाटात गाडी मागे-पुढे करून चढवणारे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ही १९२९ मध्येच वापरातून गेले, म्हणून ते दिसले तर पुराव्याला दुजोरा मिळतो. खांब असतील आणि तरीही वाफेचे इंजिन दिसत असेल तर ते बहुधा यार्डात डबे हलवणारे असते. पुणे आणि इगतपुरी येथे तर विजेचे इंजिन काढून वाफेचे जोडले जाई, आणि ही अदलाबदल काही फितींत दिसू शकते, कारण गाडी थांबल्यावर कॅमेरावाला पाय मोकळे करायला उतरतो. पश्चिमेकडील मार्गाला मात्र हा नियम लावता येत नाही. बी.बी.सी.आय.ने १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या लोकल सुरू केल्या, पण लांबच्या गाड्या त्याच तारांखालून वाफेवर धावत राहिल्या. १९३० च्या डिसेंबरात उघडलेल्या बॉम्बे सेंट्रलवर तारा आणि धूर ही जोडी नित्याची होती. कुलाबा टर्मिनस १९३०च्या अखेरीस बंद झाल्यामुळे ती इमारत दिसली तर काळ आपोआप ठरतो.

सुट्टीतल्या फितींत डोंगरी गाड्या भरपूर असतात आणि त्या ओळखणे तुलनेने सोपे. माथेरानची १९०७ची गाडी ६१० मिलिमीटरवर धावते. तिची मूळ इंजिने ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्याची, ०-६-० मांडणीची, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेली, आणि वळणावर टोकाची चाके थोडी सरकू शकतील अशा खास आसांची. दार्जिलिंगचे इंजिनही तेवढ्याच रुंदीचे, पण त्याला चारच चाके, बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी, आणि पुढे रुळांवर वाळू टाकायला बसलेली माणसे. निलगिरीचे इंजिन मीटर गेजचे असून त्याच्या प्रत्येक अंगाला एकावर एक असे दोन सिलिंडर आहेत, कारण त्यांतील एक जोडी रुळांमधल्या दातेरी पट्टीवर चढणारी चक्रे फिरवते. महाराष्ट्रात कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची. वारीच्या फितींत तिची छोटी इंजिने आणि माणसांनी टपापर्यंत भरलेले डबे एकत्र दिसतात.

ओळख नोंदवताना निश्चित, संभाव्य आणि अंदाजाचे अशी तीन पातळ्यांची भाषा ठेवावी. ‘ब्रॉड गेज, २-८-२, डब्याच्या लांबीत साडेचार फेरे’ हे निश्चित. ‘म्हणून डब्ल्यूजी’ हे फार संभाव्य, कारण एक्सईच्या चाकाचा व्यासही तितकाच आहे. ‘भुसावळ शेडचे’ हा अंदाज, जोवर शेजारच्या दृश्यातून आधार मिळत नाही तोवर. प्रत्येक विधानापुढे ज्या चौकटीवरून ते केले तिचा अनुक्रमांक लिहावा, म्हणजे दुसरा अभ्यासक तीच चौकट काढून वेगळा निर्णय देऊ शकेल. मूळ फीत स्कॅन झाली म्हणून टाकून देऊ नये. या फितींचा ॲसिटेट पाया कालांतराने सडतो, आकसतो आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. पण थंड व कोरड्या जागी ठेवलेली फीत आणखी अनेक वर्षे टिकते, आणि आज वाचता न आलेला क्रमांक पुढच्या, अधिक सूक्ष्म स्कॅनमध्ये वाचता येण्याची शक्यता असते.